‘बसेल’ म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः बसवून दाखवावं

‘बसेल’ हा शब्द आता मला ऐकवत नाही. गाडी जॅकवर आहे, पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलंय आणि दोन आठवड्यांत तीन बेअरिंगं येऊन गेली. तिन्ही वेळा पार्टच्या दुकानात मान वर न करता दिलेलं एकच उत्तर: बसेल, घेऊन जा. पहिलं बसलंच नाही. दुसरं बसलं, पण चाललं नाही. तिसऱ्याच्या खोक्यावर एक नंबर होता आणि आतल्या रिंगवर कोरलेला नंबर वेगळाच निघाला.

गाडी १९ वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, गिअर लोण्यासारखे पडतात. मला हवंय एक व्हील बेअरिंग, चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची रिंग. जगात रोज हजारोंनी बनणारी वस्तू. ती मिळवायला माणसाने दोन आठवडे वणवण करावी?

विचारतात काय, तर मॉडेल कोणतं आणि साल कोणतं. संपलं. एवढ्यावर संगणकात बघून पार्ट काढून हातात ठेवतात. अहो, एकाच मॉडेलच्या एकाच सालच्या गाड्यांत दोन-तीन इंजिनं असतात. कुणाला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असते, कुणाला नसते. इंजिन मोठं असेल तर ब्रेकची डिस्क मोठी, आणि डिस्क बदलली की पॅड दाबणारा कॅलिपर बदलला, पॅडचा आकार बदलला. कित्येकदा एकाच मॉडेलला दोन वेगळ्या पुरवठादारांचे ब्रेक बसवलेले असतात आणि पॅड एकाचे दुसऱ्यात जात नाहीत. शिवाय कारखाना बदल करायला एक जानेवारीची वाट बघत नाही, वर्षाच्या मध्येच पार्ट बदलतो. वर्षअखेरीला बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदवली जाते, म्हणजे कागदावरचं सालसुद्धा गाडीच्या जन्माचं असेलच असं नाही. हे सगळं माहीत असलेला माणूस ‘साल कोणतं’ एवढंच विचारून थांबतो, याचा मला संताप येतो.

कारण खरं उत्तर गाडीवरच कोरलेलं आहे. चासी नंबर! अक्षरं-आकडे मिळून १७ अक्षरांचा. अमेरिकेत १९८१ पासून तो १७ अक्षरांचा ठरला आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानकही तेच सांगतं. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, का तर वाचणाऱ्याने एक आणि शून्य समजू नये. इतका बारकाईने विचार करून जो नंबर बनवला, तो काउंटरवर कुणी विचारत नाही. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये सरळ लिहिलेलं असतं, अमुक चासी नंबरपर्यंत हा पार्ट, त्यापुढे तो पार्ट. मी नंबर कागदावर लिहून नेला होता. कागद बघितलासुद्धा नाही. म्हणे, ‘त्याची गरज नाही साहेब, याच गाडीचं आहे.’

घरी येऊन त्या पहिल्या बेअरिंगला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचं अवजार लावलं. बाहेरचा व्यास दोन मिलिमीटरने जास्त. दोन मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण बेअरिंग ज्या खोबणीत प्रेसने घट्ट बसवायचं तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो.

दुसरं बेअरिंग मात्र मी मोजून घेतलं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, तिन्ही मापं तंतोतंत. प्रेसवर नेऊन बसवलं, हब, म्हणजे चाक ज्यावर आवळतात तो भाग, चढवला, सगळं आवळलं, गाडी बाहेर काढली. शंभर मीटरवर एबीएसचा दिवा लागला आणि विझेचना. जुन्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाचे बारीक पट्टे असलेली रिंग होती, सेन्सर चाकाचा वेग तिच्यावरूनच मोजतो. नव्याला साधं सील. बाहेरून बघाल तर दोन्ही काळ्या रबराच्या चकत्या, डोळ्यांना फरक कळत नाही. ते पट्टे दाखवणारं एक छोटं कार्ड मिळतं, सीलवर ठेवलं की पट्टे उमटतात. दोन सेकंदांचं काम! पार्ट विकणाऱ्याच्या टेबलावर ते कार्ड का नसावं?

आणि यातलं सगळ्यात चीड आणणारं पुढे आहे. बसवलेलं बेअरिंग काढलं की ते संपतं. हब ओढताना बेअरिंगची आतली रिंग हबवरच राहते, सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग निकामी होतं. म्हणजे चुकीचा पार्ट आहे हे कळण्यासाठी तो बसवावा लागतो, आणि बसवला की ‘बसवलेला माल परत घेत नाही.’ चूक त्यांची. पैसे माझे, प्रेसची मजुरी माझी, गेलेला दिवसही माझाच. ‘बसेल’ म्हणताना जो छातीठोकपणा होता तो परत घेताना कुठे जातो?

ऑनलाइनची तऱ्हा तीच. गाडीचं नाव निवडलं की हिरवी खूण येते, तुमच्या गाडीला चालेल. खाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं, घेण्याआधी जुन्या पार्टशी ताडून पाहा. मग ती हिरवी खूण कशासाठी आहे? इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट घ्या. बाहेरून हुबेहूब, आत दात २२ हवेत तिथे २५. फोटो मात्र एकच, सगळ्या गाड्यांना तोच चिकटवलेला. दात किती, व्यास किती, एबीएसची रिंग आहे की नाही, हे चार आकडे लिहायला काय लागतं?

मापाची ही बेफिकिरी नुसती गैरसोयीची नाही. चाकाच्या बोल्टचं बघा. १२ मिलिमीटरचाच बोल्ट, पण दोन आट्यांतलं अंतर कुठे १.२५ मिलिमीटर, कुठे १.५, दोन्ही प्रकार रस्त्यावर आहेत. चुकीचा बोल्ट सुरुवातीला दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो, आणि घाईतला माणूस पाना लावून रेटतो. वाटतं घट्ट झाला. प्रत्यक्षात आटे मेलेले असतात आणि त्यावर चाक उभं असतं. त्या गाडीत माणसं बसतात हो!

रबराबद्दल तर कुणी बोलतच नाही. जुन्या गाडीचा इंजिन माउंट (इंजिन टेकतं ती रबराची उशी) किंवा बुश (सांध्यातलं रबराचं नळकांडं) मिळाला की आपल्याला देव पावल्यासारखं वाटतं. ‘नवा आहे, पॅक आहे.’ पॅक असेल, पण किती वर्षांपासून? रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक होतं, त्याला चिरा पडतात. टायरवर निदान चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, कुणालाही वाचता येतं. बुशवर, माउंटवर, ब्रेकच्या होजवर अशीच स्पष्ट तारीख का नको? मागच्या वर्षी बसवलेला माउंट चार महिन्यांत फाटला. नवाच होता म्हणे.

आणि जो पार्ट तुटलाय तेवढाच विकायचा नाही, हा कुठला न्याय? काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतली प्लॅस्टिकची क्लिप तुटली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. क्लिप मिळत नाही, मोटरसकट अख्खी यंत्रणा घ्या. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचा एक बुश गेला, तर चांगल्या लोखंडासकट आर्म फेका. बॉल जॉइंट रिव्हेट मारून बसवलेला, तो सुटा नाही. मग गाडी मोडणाऱ्यांच्या आवारात जाऊन चिखलात बसून तीच क्लिप दुसऱ्या गाडीतून सोडवायची, आणि ती हातात येईपर्यंत तिचाही कान तुटतो, कारण ते प्लॅस्टिकही तितकंच जुनं. तरी खरं सांगतो, मला आजवर सगळ्यात सरळ उत्तरं त्या आवारातच मिळाली. तिथला माणूस जुना पार्ट हातात घेतो, उलटसुलट बघतो, शेजारी दुसरा धरतो आणि म्हणतो, ‘नाही, हा तुमचा नाही.’ एवढंच तर हवंय! ‘नाही’ म्हणायला कुणाला संगणक लागत नाही.

कंपन्या पार्टचे नंबर बदलतात तेही एकदा बघा. जुना नंबर बंद, त्याच्या जागी नवा; तो बंद, त्याच्या जागी आणखी एक. शेवटच्या नंबरचा पार्ट आला की कळतं, याला नवा ब्रॅकेटही लागतो, आणि तो वेगळा मागवायचा. हे कुठल्या तरी तांत्रिक पत्रकात लिहिलेलं असतं, ते ना मला मिळतं ना माझ्या मेकॅनिकला.

आणि मग येतात सल्ले. ‘किती दिवस ओढणार, काढून टाका आता.’ का काढू? चालणारी गाडी, जपलेली गाडी, तेल वेळेवर बदललेली गाडी एका बेअरिंगसाठी मोडीत घालू? ती बनवायला लोखंड गेलं, काच गेली, कितीतरी जणांचे हात लागले. दुरुस्ती करून वस्तू वापरणाऱ्याला सगळीकडे वेड्यात काढतात, त्याचा मला राग येतो आणि वाईटही वाटतं.

काल रात्री जुनं बेअरिंग तारेच्या ब्रशने घासलं. रॉकेलमध्ये भिजवलं, पुन्हा घासलं, टॉर्च तिरका धरला, तेव्हा रिंगच्या कडेला कोरलेला मूळ नंबर दिसला. पहिल्या दिवशी कुणी चासी नंबर टाकून बघितलं असतं तर योग्य पार्ट तेव्हाच पडद्यावर आला असता. आता चौथं बेअरिंग त्या नंबराने मागवलंय, उद्या येईल. काउंटरवरच खोकं उघडणार, रिंगवरचा नंबर वाचणार, तिन्ही मापं घेणार, सीलवर कार्ड ठेवून बघणार. मागे रांग लागली तर लागू दे. आणि कुणी ‘बसेल’ म्हणालं, तर त्यालाच बिलामागे लिहून द्यायला सांगणार: बसलं नाही तर बसवल्यानंतरही परत घेऊ.