फुकटचा जीमेल असताना डोमेनचा ईमेल कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश असा: धंदा छोटा असताना स्वतःच्या डोमेनचा ईमेल (ॲटच्या पुढे gmail.com ऐवजी आपण नोंदवलेलं नाव असलेला पत्ता) म्हणजे ‘बडा घर पोकळ वासा’, तुमच्या मित्राने तो घेतला आणि तेव्हापासून त्याची कोटेशनं ग्राहकांच्या स्पॅममध्ये जायला लागली, आणि जीमेल फुकट आहे, २००४पासून नीट चालतंय, मग हा उपद्व्याप हवाच कशाला?

पहिलं मान्य. पत्त्यात धंद्याचं नाव आलं म्हणून कामाचा दर्जा वाढत नाही. ‘प्रोफेशनल दिसतं’ हे डोमेन विकणाऱ्यांचं लाडकं वाक्य. माझ्या लेखी ते कारण बरंच खालचं.

मित्राच्या स्पॅमचं मात्र नीट बघायला हवं. ईमेल पाठवण्याची पद्धत १९८२ सालची आहे आणि तिच्यात ‘प्रेषक’ म्हणून कुणीही कुणाचंही नाव घालू शकतं, पाकिटावर लिहावं तसं. ही फसवणूक रोखायला नंतर तीन गोष्टी आल्या. एसपीएफमध्ये आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते जाहीर करायचं. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. आणि या दोन्हींपैकी एकाचाही प्रेषकाच्या डोमेनशी मेळ बसत नसेल तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. जीमेलच्या पत्त्यावर हे सगळं गूगल बघतं. स्वतःच्या डोमेनवर ते आपल्याला करावं लागतं, आणि बरेच जण एमएक्स रेकॉर्ड (येणारे मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचे ते सांगणारी डोमेनच्या सेटिंगमधली नोंद) टाकून थांबतात. मेल येऊ लागले की झालं, असं वाटतं. जाणाऱ्या मेलची बाजू तशीच राहते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने नियम आवळलेत: एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी सगळ्यांनाच हवं, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही.

यातली एक हमखास गडबड सांगतो. मेलसेवा म्हणते हा एसपीएफ रेकॉर्ड टाका, बिलिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं हा टाका. माणूस दोन्ही टाकतो. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. दोन झाले की तपासणीच चुकीची ठरते आणि दोन्ही असून नसल्यासारखे. दोन्हींतला मजकूर एकाच ओळीत जोडायचा असतो. मित्राला सांगा, स्वतःच्याच एखाद्या जीमेल खात्यावर एक कोटेशन पाठव, ते उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ बघ. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं.

आता ‘फुकट’. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या डोमेनचं डीमार्क धोरण एकदम कडक केलं: मेळ बसत नसेल तर मेल नाकारा. याहूचा पत्ता प्रेषक म्हणून वापरून दुसऱ्या सेवेतून न्यूजलेटर पाठवणाऱ्यांचे मेल परत यायला लागले. त्यांनी काहीच बदललं नव्हतं. ॲटच्या पुढचं डोमेन ज्याचं, नियम त्याचे. उद्या फुकटचं खातं बंद पडलं तर दाद कुणाकडे मागणार? आणि तोच पत्ता उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. डोमेन आपलं असेल तर सेवा पटली नाही की एमएक्स रेकॉर्ड बदलायचे, जुने मेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायच्या-हलवायच्या पद्धतीने) हलवायचे. ग्राहकाला पत्ता बदलल्याचं कळवायची वेळच येत नाही. मी डोमेन घ्या म्हणतो ते यासाठी.

खरं तर तुम्ही टीका करायला हवी होती ती वेगळ्याच जागी. पुष्कळ छोट्या धंद्यांचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात, त्याच्याच नावावर नोंदलेलं असतं. मग मालकी कसली? उलट जीमेल तरी स्वतःच्या ताब्यात होतं. दुसरी गोम नूतनीकरणाची. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर आधी सूचना यायलाच हवी, असा आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. पण ती येते नोंदवलेल्या ईमेलवर. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर मुदत टळल्यावर येणारी सूचना पोचेलच याचा भरवसा नाही. आणि सवलतीचा काळही उलटून गेला की ते डोमेन कुणीही घेऊ शकतं. तुमच्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्या पासवर्ड रीसेटच्या लिंकसुद्धा मग त्याला मिळतात. म्हणून नोंदणीला वेगळा पत्ता द्या. तुमचा तो फुकटचा जीमेल इथे कामाला येतो.

ज्यांचं सगळं काम फोनवर आणि व्हॉट्सॲपवर उरकतं, महिन्याकाठी चार मेल येतात, त्यांनी यात पडू नये. तुमचा मित्र कोटेशनं मेलने पाठवतो, म्हणजे तो त्यांतला नाही.

‘शो ओरिजिनल’मध्ये त्याला काय दिसलं ते इथेच लिहा. तिन्ही ओळी पास असूनही मेल स्पॅममध्ये जात असेल, तर मग कोटेशनचा मजकूर आणि त्यातल्या लिंका तपासाव्या लागतील.