सेकंड हँड एसयूव्ही आणि पहिल्या मालकाकडेच अडकलेला रिकॉल

लातूर, बीड, नांदेडच्या रस्त्यांवर एमएच 12 आणि एमएच 14 पाटीच्या सात आसनी गाड्या किती दिसतात, हे इकडे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुष्कळ कुटुंबे पहिली मोठी गाडी पुण्याकडून सेकंड हँडच घेतात. व्यवहाराच्या वेळी किलोमीटर, टायर, इन्शुरन्सची मुदत, अपघात झाला होता का, हे सगळे खोदून विचारले जाते. मात्र या गाडीवर कंपनीचा एखादा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावण्याची सूचना, निघाला होता का, आणि निघाला असल्यास ते काम झाले आहे का, असे विचारणारा ग्राहक किंवा आपणहून सांगणारा एजंट मला अजून भेटलेला नाही.

रिकॉल ही क्वचित घडणारी गोष्ट नाही. महिंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये एक्सयूव्ही 700 च्या 1,08,306 गाड्या तपासणीसाठी बोलावल्या, कारण इंजिनाच्या कप्प्यातील वायरिंग घासून कापले जाण्याची शक्यता होती. त्याच वर्षी जानेवारीत मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावल्या होत्या आणि त्यांत ब्रेझा व ग्रँड विटाराही होत्या. अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच "गाडीच बोगस निघाली" असा निकाल लागतो. मला तो पटत नाही. हजारो सुट्या भागांच्या यंत्रात दोष राहणारच; तो जाहीर करून स्वखर्चाने दुरुस्त करणाऱ्या कंपनीवर मी अधिक विश्वास ठेवीन. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती निरोप कोणाला जातो याबद्दल आहे.

आमच्या औशाच्या दाजींनी अशीच एक एसयूव्ही घेतली. वॉरंटी संपलेली असल्यामुळे तिची सर्व्हिसिंग गावातल्या गॅरेजमध्येच होत असे, आणि तो मेकॅनिक कितीही हुशार असला तरी कंपनीच्या संगणकात काय नोंदले आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पुढे काचेच्या कामासाठी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, तेव्हा ॲडव्हायझरने चेसिस नंबर टाकताच एक सुरक्षाविषयक काम बाकी असल्याचे स्क्रीनवर दिसले. आम्हाला कळवले का नाही, असे विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, मेसेज तर गेलेला आहे." गेला होता हे खरेच, पण पुण्याच्या पहिल्या मालकाच्या मोबाइलवर. काम मात्र विनामूल्य झाले, कारण रिकॉलच्या दुरुस्तीचा वॉरंटीच्या मुदतीशी संबंध नसतो.

दोष गाडीच्या वयाबरोबर वाढत असेल, तर निरोप न पोहोचण्याची ही त्रुटी जिवावर बेतू शकते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये नेमके हेच घडले. त्यांच्या इन्फ्लेटरमधील, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातील, अमोनियम नायट्रेट हे रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत गेले आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूच्या कपच्या प्रवाशांच्या अंगात घुसल्या. 2001 ते 2003 च्या काही होंडा गाड्यांमध्ये एअरबॅग उघडल्यास इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असल्याचे अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने 2016 मध्ये जाहीर केले होते. म्हणजे धोका सर्वाधिक होता तो जुन्या, हातोहात फिरलेल्या गाड्यांना, आणि निरोप न पोहोचण्याची शक्यताही त्यांच्याच बाबतीत सर्वाधिक असते. आपल्याकडे 2019 च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आले, 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम आणि एक कोटी रुपयांपर्यंतचा दंडही आला. परंतु ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरतीच आहे. आमच्या भागात आठ-दहा वर्षांची डिझेल एसयूव्ही दिमाखात लग्नाच्या वऱ्हाडात फिरते, तिचे काय?

अमेरिकेत रिकॉलची सूचना गाडीच्या सध्याच्या नोंदणीकृत मालकाला टपालाने पाठवावी लागते आणि त्याचा पत्ता राज्याच्या वाहन नोंदणीतून घेतला जातो. आपल्या आरटीओकडे तरी दुसरे काय असते? ट्रान्सफर करताना फॉर्म 29 आणि 30 भरून, आधार देऊन, फी भरून नव्या मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढतोच. कंपन्यांनी रिकॉल झालेल्या गाड्यांचे चेसिस नंबर त्याच प्रणालीत भरावेत, मेसेज तिथूनच सध्याच्या मालकाला जावा आणि ट्रान्सफरच्या वेळी बाकी राहिलेले काम खरेदीदाराला दाखवले जावे, एवढीच माझी मागणी आहे. यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. विकणाऱ्या एजंटांना हे आवडणार नाही, हे मी गृहीत धरले आहे.

ते होईपर्यंत ज्यांच्याकडे सेकंड हँड गाडी आहे त्यांनी आरसीवरील 17 अंकाक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगावा. त्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरलीच जात नाहीत, त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच समजावे. तिथे ओ टाकल्यास गाडी सापडत नाही. फोनवर बोलताना आपला मोबाइल क्रमांकही त्यांच्या नोंदीत बदलून घ्यावा.