ओळखपत्राआधी शंभर तास

सर्पमित्र-प्राणिमित्रांना सरकारी ओळखपत्र द्यावं का, हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा उठतो. रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्यांचा मान राखा, असं एकीकडे. जखमी वन्यप्राण्याची मालकी सरकारची, सापडल्यापासून ४८ तासांत कळवायचं असं कायदाच सांगतो, असं दुसरीकडे. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण कार्ड हातात पडण्याआधी त्या हाताला काय यायला हवं, हे अमेरिकेतून वाचताना मला कुठेच दिसत नाही.

इथे स्थलांतरित पक्ष्यांच्या पुनर्वसनाचा, म्हणजे जखमी पक्ष्यांना बरं करून परत सोडण्याचा, केंद्रीय परवाना हवा असेल तर वय किमान १८ आणि प्रत्यक्ष कामाचे १०० तास, तेही किमान वर्षभरात मिळून. त्यातले वर्ग-कार्यशाळांचे जास्तीत जास्त २० धरतात. वर्षाची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. शंभर तास तीन आठवड्यांतही भरतील, पण संक्रांतीला मांजाने कापलेली घार आणि मे महिन्यात उन्हाने कोसळलेलं पिल्लू तेवढ्यात दोन्ही भेटणार नाहीत.

ती घारच घ्या. ७०० ग्रॅमची, वजनाच्या दहा टक्के पाणी गमावलेली, म्हणजे ७० मिलीची तूट. रोजची गरज किलोमागे ५० मिली, म्हणजे ३५. पहिल्या दिवशी निम्मी तूट अधिक रोजची गरज, एकूण ७० मिली, थोडं थोडं विभागून. आधी ऊब, मग कोमट द्रव, मांस त्यानंतरच; सुकलेल्या आतड्याला ते पचत नाही. कळवळून चोचीत पाणी ओतलं तर श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे ते फुफ्फुसात जातं. पक्ष्याची छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून निसटू नये म्हणून घट्ट आवळलेला पक्षी हातातच गुदमरतो. हे वाचून कळतं, पण पकड किती सैल ठेवायची ते शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवावं लागतं.

अमेरिकेचं सगळंच उचलू नये. इथला परवाना पगार देत नाही. बहुतेकांची सुरुवात फुकट राबून होते आणि घरची ऐपत नसलेली मुलं तिथेच गळतात. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या नागपूरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या ठिकाणी वर्षभराची उमेदवारी विद्यावेतनासह ठेवावी. सस्तन प्राण्यांना हात लावण्याआधी रेबीजची लस सरकारी खर्चाने टोचावी, आणि कामाच्या नोंदवहीतल्या प्रत्येक तासापुढे पशुवैद्यकाची सही घ्यावी.