खुलासा : मुलांसाठी दिलेली रोख मदत व्यसनांत जाते, हा दावा चुकीचा आहे

‘मुलांच्या नावाने सरकारने गरीब कुटुंबांना रोख पैसे दिले की ते दारू-तंबाखूत जातात, मुलांच्या हाती काहीच लागत नाही’ असा मजकूर सध्या फिरत आहे. मीही तो शहानिशा न करता पुढे पाठवला होता. ती माझी चूक होती.

जागतिक बँकेने २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात अशा मदतीमुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. अमेरिकेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथे जुलै ते डिसेंबर २०२१ या काळात बहुतेक कुटुंबांना सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दरमहा ३०० डॉलरपर्यंत वाढीव सरकारी मदत मिळत होती, आणि तिथल्या जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार (यात सरकारी मदतही कुटुंबाच्या उत्पन्नात धरतात) त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव मदत थांबताच २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. ही मुले तीच होती, बदलला तो सरकारचा निर्णय, हे मला फार अस्वस्थ करते.

अर्थात शाळा आणि दवाखाना यांची जागा रोख रक्कम घेऊ शकत नाही. पण तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्या.