उभी राहिली म्हणजे ढोंगी ठरली?

गोव्यातल्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विमानतळावर व्हीलचेअर मागणारे बहुतेक ढोंगी असतात, रांग चुकवायला खुर्चीत बसतात आणि विमान उतरलं की टुणकन उठून चालायला लागतात. त्यांच्यापायी विमानं लेट होतात. खरंच अपंग असेल त्याने सोबत माणूस आणावा. आणि कॅप्टनने खाली उतरवलं तर वाद घालू नये, कारण विमानात त्याचाच शब्द शेवटचा. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

‘चालता येतं, मग खुर्ची कशाला?’ इथूनच सुरुवात करू, कारण बाकीचा सगळा राग इथेच उगम पावतो. विमान कंपन्या व्हीलचेअरच्या प्रवाशांची नोंद मुख्यतः तीन प्रकारांत करतात. पहिल्या प्रकारातला माणूस विमानाच्या पायऱ्या चढतो, आतही चालतो. त्याला फक्त टर्मिनलमधलं लांब अंतर झेपत नाही. दुसऱ्याला पायऱ्या जमत नाहीत, पण दारापासून सीटपर्यंत तो जातो. तिसऱ्याला सीटपर्यंतही न्यावं लागतं. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ज्याची चोरी पकडली, तो पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातला असू शकतो आणि त्याला चालता येतं हे कंपनीला तिकिटाच्या वेळेपासून माहीत असतं.

माझ्या मावशीला संधिवात आहे. सुरक्षा तपासणीला पडद्याआड नेलं तेव्हा तिथल्या महिला जवानाने विचारलं, ‘आजी, उभं राहता येईल?’ मावशीने खुर्चीच्या हातांवर मनगटं टेकली (बोटं आवळता येत नाहीत, सगळा भार मनगटांवर), दोनदा झोका घेतला आणि उभी राहिली. पडदा अर्धा उघडाच होता. रांगेतून एकजण बायकोला म्हणाला, ‘बघ, उठली!’ मावशीचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. ‘उठते रे बाबा,’ ती म्हणाली, ‘आता तुझी बॅग पण उचलू?’

उतरतानाच्या ‘चमत्काराचं’ही तसंच. जाताना चेक-इनची रांग, तपासणीची रांग, मग गेटपर्यंतची पायपीट. देशांतर्गत विमानातून उतरल्यावर यातल्या रांगा नसतात. शिवाय व्हीलचेअरच्या प्रवाशाला आधी चढवतात, पण उतरवतात सगळ्यांच्या शेवटी. गोव्याचा दाबोळी विमानतळ असो की मोपा, विमान एरोब्रिजला न लागता लांब उभं राहिलं की ॲम्ब्युलिफ्टची (खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारातून खाली उतरवणाऱ्या गाडीची) वाट पाहणं आलं. सफाईवाले झाडू घेऊन आत येतात तरी हे आपले सीटवरच. मग ज्याला थोडंफार चालता येतं तो कंटाळून, दात-ओठ खात चालायला लागतो. तेवढंच आपल्याला दिसतं.

आणि चालता येणं म्हणजे धोका नसणं नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन व्हीलचेअर सांगून ठेवल्या होत्या, मिळाली एक. बायको खुर्चीत बसली आणि 80 वर्षांचे गृहस्थ तिच्यासोबत चालत निघाले. इमिग्रेशनच्या आसपास ते कोसळले आणि दगावले. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, एअर इंडियाला 30 लाखांचा दंड केला. त्यांनाही चालता येत होतं.

खोटं बोलून खुर्ची घेणारे आहेत का? आहेत. त्यांच्यामुळे गरजवंताची खुर्ची जाते, हा राग रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणजे कंपनीने नीट विचारून नोंद करणं, खुर्च्या आणि ढकलणारी माणसं वाढवणं. रांगेतल्याने नजरेने निदान करणं हा नव्हे.

विमान लेट होतं याबद्दल फार लिहीत नाही. मदत हवी असेल तर 48 तास आधी कळवा, असा नियम आहे आणि लोक कळवतात. दोन दिवस आधी कळूनही ऐनवेळी पळापळ होत असेल तर उशीर कोणाचा?

‘सोबत माणूस आणावा आणि कॅप्टनचं ऐकावं’ या मुद्द्याचा तर गोव्याशीच संबंध आहे. 19 फेब्रुवारी 2012 रोजी सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित, हालचालींवर परिणाम करणारं अपंगत्व) असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, एकट्या. अपंगत्वाच्याच विषयावर इथे परिषद होती. विमानात जागेवर बसल्यावर स्पाइसजेटच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना खाली उतरायला लावलं. कॅप्टनचा तसा आदेश होता. डॉक्टरला विचारलं नव्हतं. परिषद हुकली. 12 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला 10 लाखांची भरपाई द्यायला लावली. कॅप्टनचा शब्द शेवटचा, हे खरं. पण तो न्यायालयात तपासला जातो, हे फॉरवर्डमध्ये राहून गेलं.

मे 2022 मध्ये रांचीला इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. तो घाबरलाय, इतरांना धोका आहे, असं कारण दिलं. तिथले सहप्रवासी मात्र मुलाच्या बाजूने उभे राहिले, प्रवाशांतल्या डॉक्टरांनी वाटेत लागेल ती मदत करू म्हटलं. तरी नाहीच. डीजीसीएने 5 लाखांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलला: अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरने त्या प्रवाशाला समक्ष तपासून तो प्रवासाला योग्य आहे की नाही ते स्पष्ट सांगायचं, आणि कंपनीने निर्णय घ्यायचा तो त्यानंतर.

तेव्हा तुमच्या शेजारच्या सीटवरून कोणाला असं उतरवायला लागले तर, त्या माणसाची हरकत नसेल तर, एवढंच विचारा: डॉक्टरने तपासलं का, आणि कारण लेखी देताय का?