मैदानाच्या कडेचे सोफे

आमचं गाव वेंगुर्ल्यापासून जवळ आणि गोव्याची हद्दही तिथून फार लांब नाही. त्यामुळे आमच्याकडे क्रिकेटच्या जोडीने फुटबॉल टिकून आहे. (उरलेल्या कोकणात टेनिस बॉलचं क्रिकेट सगळी मैदानं खाऊन बसलंय, तो वेगळा विषय.) सड्यावर मैदान आहे. एका बाजूला चिऱ्यांच्या चार पायऱ्या, बाकी तीन बाजूंना लोक उभे राहतात. या पायऱ्या काढून तिथे रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्यांची गॅलरी बांधावी असं सध्या घाटतंय आणि त्यावरून गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, खुर्च्या आल्या की बाहेरगावचे प्रेक्षक येतील, स्पर्धेला वजन येईल, मॅचला वातावरण येईल. दुसऱ्याचं म्हणणं, वातावरण खुर्च्यांनी येत नाही, जिंकल्याने येतं. आपली पोरं पहिल्याच फेरीत गारद होतायत, आधी धड कोच आणा. मी बर्लिनमध्ये राहतो, तरी यातलं काहीच माझ्या कानावरून सुटत नाही, कारण मोठा मावसभाऊ (आमचा दादा) या दोन तटांच्या मधोमध अडकलाय आणि रविवारी फोन करून सगळा वैताग माझ्यावर काढतो.

परदेशात बसून गावाला अक्कल शिकवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, त्यात आणखी एक भर. पण मी ज्या क्लबच्या मॅच बघतो, त्याचा या वादाशी फार जवळचा संबंध आहे.

बर्लिनच्या पूर्व टोकाला क्योपेनिक नावाचा भाग आहे. तिथे झाडीच्या कडेला त्या क्लबचं, म्हणजे युनियन बर्लिनचं, स्टेडियम आहे. त्यात २२,०१२ माणसं मावतात आणि खुर्च्या आहेत फक्त ३,६१७. बाकी अठरा हजारांवर लोक पूर्ण मॅच उभे. हा काही तालुका पातळीवरचा संघ नव्हे, २०१९ पासून तो जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत खेळतोय. २००८ साली या स्टेडियमच्या पायऱ्या मोडकळीला आल्या होत्या आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा समर्थकच फावडी घेऊन उतरले. दोन हजारांहून जास्त माणसं, सुमारे १ लाख ४० हजार तासांचं बिनपगारी काम. पायऱ्या ओतल्या, छप्पर चढवलं आणि २००९ च्या उन्हाळ्यात मैदान पुन्हा सुरू केलं. आपल्याकडचं श्रमदान दहा वाजता सुरू होतं आणि पेपरवाल्याने फोटो काढला की संपतं. हे जवळपास वर्षभर चाललं. पुढे २०११ मध्ये क्लबने स्टेडियमचे शेअर काढले, ५०० युरोला एक, तेही समर्थकांसाठीच. आपण ओतलेल्या पायरीवर आपणच पैसे भरून उभं राहायचं. त्या पायऱ्यांवर खुर्च्या घालून गर्दी निम्म्यावर आणा, असं तिथे कोणी म्हणत नाही.

मॅचच्या आधी निवेदक आपल्या खेळाडूंची नावं घेतो. प्रत्येक नावानंतर सगळं स्टेडियम एका आवाजात ओरडतं, 'फुसबालगॉट!' म्हणजे फुटबॉलचा देव. मागच्या शनिवारी ज्याने रिकाम्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला, तोही देव. राखीव गोलकीपरही देव. तिथले काही अलिखित नियम आहेत: आपल्या खेळाडूला शिट्टी वाजवून हिणवायचं नाही, पराभवाचं खापर एकाच्या डोक्यावर फोडायचं नाही आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. मला सुरुवातीला हे जरा भाबडं वाटलं होतं. आपल्याकडे पोराने पेनल्टी चुकवली तर त्याच्या आजोबांपर्यंत उद्धार होतो, त्याची सवय.

मग २०२३ चा शरद ऋतू आला. युनियन पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, पोचलं होतं. पण घरच्या मैदानात मावतात त्यापेक्षा जास्त समर्थकांना ते बघता यावेत, म्हणून क्लबने ते सामने ऑलिम्पिक स्टेडियममध्ये हलवले. ते १९३६ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम. सत्तर हजारांवर खुर्च्या, आणि प्रेक्षक व मैदान यांच्यामध्ये धावपटूंचा ट्रॅक. लोक गर्दीने आले, खुर्च्या असूनही कित्येक उभेच राहिले, घसा फाटेपर्यंत गायले. पण त्या ट्रॅकमुळे आवाज मैदानापर्यंत पोचायच्या आतच विरून जायचा. क्योपेनिकला लाइनजवळच्या खेळाडूला मागच्या माणसाचा खोकला ऐकू येईल इतकं अंतर कमी आहे. खुर्ची की पायरी यापेक्षा किती फरक या अंतराने पडतो, ते मला तिथे पटलं.

त्याच काळात संघ सगळ्या स्पर्धा धरून सलग बारा सामने हरला. बारा! दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "बारा? आमचो कोच तिसऱ्याक पळालो असतो." क्योपेनिकच्या पायऱ्यांवर मात्र गाणी थांबली नाहीत. नोव्हेंबरात इटलीच्या नापोलीशी १-१ बरोबरी झाली तेव्हा ती साखळी तुटली. आठवड्याभरात प्रशिक्षक उर्स फिशर गेले, पण लोकांनी घोषणा देऊन हाकलले म्हणून नव्हे. पुढच्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, गोलकीपरने अडवलेल्या पेनल्टीचा परतलेला चेंडू युनियनच्या हाबेररने आत मारला आणि संघ पहिल्या श्रेणीत कसाबसा टिकला.

तेव्हा गावातल्या दुसऱ्या तटाला माझं सांगणं आहे, की जिंकलं तरच वातावरण येतं हे खरं नाही. पण त्याच्या उलटही खरं नाही बरं. उत्तम वातावरण असूनही बारा सामने हरता येतात. लोकांच्या ओरडण्याने गोल होत असते तर कोलकात्याने आतापर्यंत वर्ल्ड कप आणला असता. या दोन गोष्टींची मोट बांधायचं सोडून दिलं तरी निम्मा वाद मिटेल. आणि हे सांगायला बर्लिनची तरी काय गरज? २० डिसेंबर २०१५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल झाली. एफसी गोवा ८७व्या मिनिटाला २-१ ने पुढे गेलं आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत चेन्नईयिनकडून ३-२ हरलं. आमच्याकडची माणसं त्या रात्रीबद्दल अजून तावातावाने बोलतात. त्याच मोसमात गोवा जिंकलं त्या मॅच विचारा, एक आठवत नाही कुणाला.

उभं राहण्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये उभ्या प्रेक्षकांच्या, जाळीने बंद केलेल्या कप्प्यांत वाजवीपेक्षा जास्त माणसं आत सोडली गेली आणि चेंगरून ९७ जण गेले. त्यानंतर इंग्लंडने वरच्या दोन श्रेणींतली स्टेडियमं १९९४ पर्यंत पूर्ण खुर्च्यांची करून टाकली. लोकांना उभं राहण्याची रीतसर परवानगी मिळायला २०२२ उजाडलं, तीही ओळीओळीत लोखंडी कठडे बसवल्यावर. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात हाणामारी होऊन पळापळ झाली आणि १६ जण मेले. क्योपेनिकच्या पायऱ्यांवरही ठरावीक अंतरावर कमरेइतक्या उंचीचे मजबूत दांडे रोवलेले आहेत. मागून रेटा आला तर तो त्या दांड्यावर थांबतो, पुढच्याच्या बरगड्यांवर जात नाही. दारावर माणसं मोजून आत सोडतात. आमच्या मैदानाला दार एकच, आणि फायनलच्या दिवशी त्याच दारात शेंगदाणेवाल्याची गाडी. खुर्च्यांच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या दाराचा उल्लेख नाही, हे मी दादाकडून खात्री करून घेतलंय.

आता माझ्या बाजूचा कमकुवत दुवाही सांगतो. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोची सौदी टीम अल-नस्र एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आली, तेव्हा दादा आणि त्याचे दोस्त गाडी भरून गेले होते. सगळे रोनाल्डोसाठी. रोनाल्डो भारतात आलाच नाही. दादा चिडला, शिव्या घातल्या, तरी गेला. गोवा २-१ ने हरलं, पण गोव्याचा गोल आपल्या ब्रायसन फर्नांडिसने मारला आणि दादाच्या सांगण्यानुसार त्यानंतर त्याच्या ओळीत कोणी खाली बसलंच नाही. मी लगेच म्हटलं, बघ, मग खुर्च्या कशाला? तर म्हणतो, "अरे, खुर्ची होती म्हणान उठान नाचाक मजा इली. पंचाण्णव मिनटां उभो रवलंय तर माझो गुडघो नाचात?" दादा पन्नाशी ओलांडलेला आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारीत क्योपेनिकला उभं राहून माझ्या पायाची बोटं बधिर होतात, पण मला घरी न्यायला ट्राम आहे आणि गुडघे अजून धड आहेत.

शिवाय हवा. जर्मनीत थंडीशी गाठ, आपल्याकडे ऊन आणि पावसाशी. मे महिन्यात दुपारी चारला चिऱ्यावर बसून बघा, जुलैत त्याच चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरून थेट कॉर्नरच्या झेंड्यापाशी पोचतो. पण प्लास्टिकची खुर्ची तरी काय टिकणार? खारी हवा, ऊन आणि दोन पावसाळे. तिसऱ्या वर्षी रंग उडालेल्या, पाठ तुटलेल्या खुर्च्या. म्हणून माझं मत, चिऱ्यांच्या पायऱ्या ठेवा, डागडुजी करा, दर वर्षी पावसाच्या तोंडावर खरवडून काढा आणि पैसे छपरात घाला. पत्रे नीट बांधून घाला, हेही आवर्जून सांगतो. २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या पट्ट्यातले किती पत्रे उडाले ते गावाला मी सांगायला नको. छपराखाली दोन्ही गोलमागे उभं राहायची जागा दांडे लावून करा, पायऱ्यांवर ज्यांचे गुडघे बोलतात ते बसतील. छप्पर आलं की आवाजही मैदानावर राहतो, आभाळात जात नाही.

पण यातलं काहीही केलं तरी एक गोष्ट हलवल्याशिवाय आमच्या मैदानाला वातावरण येणार नाही, आणि तिच्याबद्दल दोन्ही तट मूग गिळून बसलेत. मैदानाच्या बरोबर मध्यावर, लाइनला खेटून, मांडव असतो. मांडवात पांढरे अभ्रे घातलेले सोफे, पुढे टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि काजूच्या बश्या. त्या मांडवामागे जे लोक उभे असतात त्यांना मॅच दिसत नाही, पुढाऱ्यांच्या मानेची मागची बाजू दिसते. मैदानातली सगळ्यात चांगली जागा, आणि तिथला माणूस मोबाइलवर.

गेल्या डिसेंबरात मी गावी होतो, उपांत्य सामना चालू होता. आमच्या पोराला पेनल्टी क्षेत्रात आडवा केला, रेफरीने बोट दाखवलं, सगळं मैदान श्वास रोखून. आणि मायकवरून आवाज, "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेले… यांच्याकडून पाच हजार रुपये रोख… त्यांनी कृपया व्यासपीठावर स्थानापन्न व्हावे." पेनल्टी मारणारं पोर वळून मांडवाकडे बघायला लागलं. बाहेर मारली त्याने. मध्यंतराला शाल-श्रीफळ सुरू झालं, ते पाऊण तास. दोन्ही संघ उन्हात रांगेत उभे, एकाच्या पोटरीत गोळा आला, दुसऱ्या अर्धात तो खेळलाच नाही. यावर कोण काय करणार, असं दादा म्हणतो, त्यांचीच देणगी आहे ना. खरं आहे. पण देणगीदाराला मॅचनंतर बक्षीस समारंभात हार घालता येतो. त्याचं नाव मोठ्या बोर्डावर रंगवून दोन्ही गोलच्या मागे लावता येतं. बॉल खेळात असताना मायक बंद, एवढी एक अट घातली तरी पुरे. मोठ्यांसाठी वेगळी सोय जर्मनीतल्या स्टेडियमांमध्येही असते, त्यांचाही पैसा क्लबला लागतो. पण पेनल्टीच्या वेळी त्यांची नावं कोणी वाचत नाही.

राहता राहिल्या बायका. या सगळ्या वादात त्यांचं नाव कोणी काढलेलं नाही. आमच्या मैदानावर फायनलला हजारभर माणसं जमतात आणि बायका दिसतात त्या रस्त्याच्या कडेला, स्कूटरवर बसून, कंपाउंडच्या भिंतीवरून मान उंच करून बघणाऱ्या. माझी मामेबहीण शाळेच्या संघाची गोलकीपर होती, ऑफसाइड आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा तिला जास्त कळतो. मैदानात का येत नाहीस विचारलं, तर म्हणाली, "दादानू, थंय संडास खंय असा?" पुरुष काजूच्या झाडामागे जातात. क्योपेनिकला माझ्या शेजारी आपल्या नातवाला घेऊन एक आजी उभ्या असतात, लाल-पांढरा मफलर गुंडाळून, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. त्या पूर्ण मॅच उभ्या राहू शकतात याला मागच्या बाजूच्या स्वच्छ संडासांची रांगही कारण आहे.

परवा फोनवर दादाला म्हटलं, खुर्च्यांचा निम्मा पैसा छपराला घाल, उरलेल्यातून दुसरं दार आणि बायकांसाठी संडास बांध. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बांधतंव रे. पण माका सांग, संडासाच्या उद्घाटनाक मंत्री खंयचो येतलो?"