प्रतिक्रियेला उत्तर: मीठ कडेच्या थरांना ओढत वर नेतं का?

नमस्कार. मिठाच्या घुमटांवरच्या (जमिनीखालचं मीठ थरांमधून वर येऊन झालेल्या फुगवट्यांवरच्या) लेखावर तुम्ही घेतलेल्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मीठ भोवतालच्या गाळाच्या खडकापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वरचे थर फोडत चढतं. चढताना कडेच्या थरांना घासून वर ओढतं, आणि मिठालगत वर वळलेले थर हा त्याचा पुरावा. साखरेच्या पाकाखाली तेल सोडलं की ते जसं फुगे होऊन वर येतं, तसंच हे. मग लेखात 'बहुतेक वेळा मीठ आहे तिथेच राहतं आणि भोवतालचे थर खाली बसतात' असं उलट का लिहिलं?

आधी पाकाचा प्रयोग. त्यात खालचा पदार्थ द्रव आहे आणि वरचाही द्रवच आहे. इथेच तुलना फसते. १९३० च्या दशकापासून बरीच वर्षं भूवैज्ञानिकही दोन द्रवांचंच गणित मांडत होते. खरं मीठ लाखो वर्षांच्या मोजमापावर द्रवासारखं वाहतं, पण त्यावरचा वाळूखडक, चुनखडक किंवा शेल (चिखलाचा घट्ट झालेला खडक) तसा वाहत नाही. त्यात घर्षण असतं, त्याला मोडायला ठरावीक ताण लागतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटापासून प्रयोगशाळेत मिठाच्या जागी सिलिकोन हा संथ वाहणारा घट्ट द्रव आणि खडकाच्या जागी कोरडी वाळू वापरली जाऊ लागली. प्रयोगातला १ सेंटिमीटर म्हणजे निसर्गातला साधारण १ किलोमीटर. वाळू सिलिकोनपेक्षा जड असते. तरीही सपाट, सगळीकडे सारख्या जाडीच्या वाळूखाली सिलिकोन नुसतं पडून राहतं. ताणून वाळू पातळ करा किंवा एका बाजूला जास्त भार टाका, तेव्हा ते हलतं.

आकड्यांत पाहू. मिठाची घनता सुमारे २२०० किलो प्रति घनमीटर, आणि ते फारसं दाबलं जात नसल्यामुळे खोलीवरही जवळपास तेवढीच. ताजा चिखलगाळ याहून बराच हलका असतो. पुरला जाऊन, पाणी पिळून निघून तो मिठापेक्षा जड व्हायला किमान एक किलोमीटर, अनेकदा दीड-दोन किलोमीटर खोली लागते. संपूर्ण थरराशीची सरासरी घनता मिठापेक्षा जास्त व्हायला तर त्याहूनही जाड गाळ हवा. आता समजा मिठाचा २०० मीटर उंचीचा फुगवटा आहे आणि घनतेतला फरक १०० किलो प्रति घनमीटर. उचलणारा जादा दाब जेमतेम ०.२ मेगापास्कल. एक किलोमीटर जाडीच्या छताच्या, म्हणजे मिठावरच्या थरांच्या, तळाशी, भेगा पाण्याने भरलेल्या धरल्या तरी, प्रभावी उभा दाब (पाण्याचा दाब वजा करून उरलेला) सुमारे १३ मेगापास्कल असतो. घर्षणगुणांक ०.६ घेतला तर सरकायला होणारा विरोध ७ ते ८ मेगापास्कल. ०.२ ने ८ मोडत नाही, कितीही लाख वर्षं थांबलं तरी.

मग मीठ वर पोचतं कसं? पृथ्वीचं कवच ताणलं गेलं की छतात प्रस्तरभंग (खडक सरकलेल्या भेगा) होतात, मधला पट्टा खचून छत पातळ होतं आणि त्या कमकुवत जागेत मीठ खांबासारखं शिरतं. ताणाचा वेग वाढला आणि मिठाचा पुरवठा अपुरा पडला तर हाच खांब, म्हणजे डायपिर, रुंद होत खाली बसतो. व्हेंडेव्हिल आणि जॅक्सन या भूवैज्ञानिकांनी १९९२ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. छत खूपच पातळ झालं, म्हणजे खांबाची उंची भोवतालच्या थरराशीच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश झाली, तर मात्र मीठ स्वतःच्या दाबाने छत बाजूला सारू शकतं. हा टप्पा अल्पकाळ टिकतो. एकदा माथा समुद्रतळाशी पोचला की पुढचं सगळं संथपणे चालतं: माथा समुद्रतळाच्या आसपास राहतो, दोन्ही बाजूंना गाळ साचतो, त्याच्या भाराने खालचं मीठ खांबाकडे ढकललं जातं आणि थर खाली बसत जातात. भूवैज्ञानिक बार्टन यांनी १९३३ मध्येच हे सुचवलं होतं. तीन-चार किलोमीटर उंचीचा खांब एवढ्या जाडीचा खडक फोडून आलेला नसतो. बहुतेक वेळा तो गाळ साचत असतानाच उंच झालेला असतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा, वर वळलेले थर. घासून ओढण्यासाठी किती ताण मिळतो ते बघा. मीठ वर्षाला १ मिलिमीटर चढतंय, म्हणजे चांगल्याच वेगाने. कडेच्या २०० मीटर रुंद पट्ट्यात हा वेग शून्यावर येतो असं धरा, आणि मिठाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) १० चा १८ वा घात पास्कल-सेकंद. कडेवरचा ताण ०.१६ मेगापास्कल भरतो. घट्ट झालेला खडक शेकडो मीटर रुंदीत वळवायला तो पुरत नाही.

थर वळतात ते ओढल्यामुळे नाही, तर ते स्वतः कधीतरी मिठाचं छत होते म्हणून. माथ्यावर गाळाचा पातळ थर साचतो, मीठ थोडं फुगतं, थर त्यावर पांघरल्यासारखा पडतो, बाजूचा भाग खाली बसत राहतो आणि थराची कड उभी होते. माथ्यावरचा भाग झिजून किंवा घसरून जातो, मग त्या झिजलेल्या पृष्ठभागावर नवा गाळ येतो, आणि हे चक्र पुन्हा सुरू होतं. ईशान्य मेक्सिकोतल्या ला पोपा खोऱ्यात अशा कडा उघड्यावर दिसतात. जाइल्स आणि लॉटन या भूवैज्ञानिकांनी २००२ मध्ये तिथल्याच निरीक्षणांवरून ही चक्रं मांडली. छत पातळ असेल तर वळण अरुंद असतं: मिठाच्या ५० ते २०० मीटर जवळ येईपर्यंत थर जवळपास आडवे, मग मिठालगत एकदम उभे, कधी उलटलेलेही. छत जाड असेल तर वळण ३०० ते १००० मीटर पसरतं. घर्षणाने ओढलं असतं तर वळणाची रुंदी छताच्या जाडीप्रमाणे का बदलावी?

भोवतालचे थर खाली बसतात याचा आणखी ठोस पुरावा खांबांच्या मधल्या भागात मिळतो. मीठ निघून गेलेल्या जागी खोलगट भाग तयार होतो आणि तिथे गाळ जास्त जाड साचतो. कालांतराने खोलगटाचा मध्य मिठाखालच्या पक्क्या खडकावर टेकतो. कडांखाली अजून मीठ शिल्लक असतं. तेही सरकलं की कडा खचतात आणि मध्य कमानीसारखा उंच दिसतो. या कमानीखालून कुणीही काही ढकललेलं नसतं, आणि सर्वांत जाड गाळ नेमका तिच्या पोटात असतो.

तुमचा आक्षेप खरोखर लागू पडतो तो आडव्या दाबाच्या प्रदेशात. इराणच्या झाग्रोस पर्वतरांगांत होर्मुझ नावाच्या थरातलं मीठ बाहेर येऊन हिमनदीसारखं उतारावर वाहतं. तिथे पूर्वीपासून असलेले खांब दोन्ही बाजूंनी आवळले गेले. भोवतालच्या थरांपेक्षा मीठ कितीतरी मऊ, त्यामुळे आकुंचन आधी त्याच्या वाट्याला येतं आणि ते वर पिळलं जातं. अशा ठिकाणी जाड छतही उचललं जातं. पण तिथेही जोर येतो बाहेरच्या दाबातून. मिठाचं हलकेपण त्यात दुय्यम असतं.

तुमच्याकडच्या छेदचित्रात (थर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रात) फरक ओळखायचा असेल तर एकाच थराची जाडी, थराला काटकोनात, मिठापासून ५०, २००, ५०० आणि १००० मीटरवर मोजा. मिठाकडे जाताना ती कमी होत असेल, झिजलेले पृष्ठभाग मिठाजवळ एकमेकांत मिळत असतील आणि थरांत माथ्यावरून घसरून आलेले तुकडे सापडत असतील, तर वाकणं आणि साचणं एकाच वेळी झालं आहे. जाडी कायम आणि सगळे थर एकत्र वाकलेले असतील, तर थरांचं वाकणं नंतरचं. छेद मिठाच्या कडेला काटकोनात हवा. तिरका घेतला तर अरुंद वळणही रुंद दिसतं आणि निष्कर्ष उलटतो. जमिनीत लहरी सोडून मिळवलेल्या भूकंपीय चित्रात तर अधिक सावध राहावं लागतं. मिठात लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ४५०० मीटर, बाजूच्या गाळात बराच कमी, त्यामुळे उभ्या कडेलगतचा पट्टा धूसर येतो. थर ओढले गेलेत असं गृहीत धरून तिथे रेषा वर वळवली, तर तेल साठवू शकणारा वाळूखडक पूर्ण जाडीने मिठाला भिडलेला दिसतो. प्रत्यक्षात तो काही शे मीटर आधीच निमुळता होऊन संपलेला असू शकतो, आणि तेलासाठी तिथे खोदलेली विहीर कोरडी जाते.